बटण कुणाच्या हाताशी?

फ्रिजचं दार उघडं राहिलं की फ्रिज ओरडतो. सीट बेल्ट लावला नाही की गाडी टणटणते. कुकरच्या शिट्ट्या तर आपण झोपेतही मोजू. नागपूरच्या घरात दिवसभर काही ना काही वाजतच असतं.

23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे काहीच वाजलं नाही.

आदल्या दिवशी महालक्ष्म्यांचं जेवण झालं होतं. पंगती आटोपून, भांडीकुंडी आवरून माणसं थकून झोपली होती. चार तासांत 100 मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळला, अंबाझरी तलाव सांडव्यावरून वाहू लागला आणि नाग नदी घरांत शिरली. अंबाझरी लेआउट, डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी. पलंगावरून पाय खाली सोडला, तो थेट पाण्यात.

पाण्याची खबर पाण्यानेच दिली.

तंत्र नव्हतं म्हणावं, तर तसंही नाही. त्याच वर्षी 20 जुलैला राज्यातले मोबाइल एकदम किंचाळले होते, आठवतं? आणीबाणीच्या संदेशाची ती चाचणी होती. टॉवरच्या टप्प्यातल्या फोनांना संदेश एकाच वेळी जातो. नंबर लागत नाही, इंटरनेट लागत नाही. चाचणीला आपण दचकलो. दोन महिन्यांनी खरी वेळ आली, तेव्हा झोपून राहिलो.

भोंगा तर त्याहून कितीतरी जुना. एम्प्रेस मिल 1877 साली सुरू झाली, आणि भोंग्यावर पाळीला निघणाऱ्या पिढ्या या शहराने पाहिल्या. कामावर बोलवायला भोंगा होता. जीव वाचवायला का नसावा?

आणि नुसता भोंगाही पुरत नाही. त्या पुरातून बचाव पथकाने मूकबधिर शाळेतली सुमारे 40 मुलं बाहेर काढली. त्यांच्या उशाशी भोंगा वाजवून काय उपयोग? त्यांना लुकलुकणारा दिवा हवा, उशीखाली थरथरणारं यंत्र हवं. दोन्ही बाजारात मिळतात.

आता पुराकडून आगीकडे. भंडारा, इथून जेमतेम 60 किलोमीटर. 9 जानेवारी 2021, मध्यरात्र उलटलेली. जिल्हा रुग्णालयाच्या नवजात कक्षातला धूर दिसला तो ड्युटीवरच्या नर्सला. आत 17 बाळं होती.

10 गेली.

धूर डोळ्यांना दिसेपर्यंत फार उशीर झालेला असतो. छताला लावलेली तळहाताएवढी डबी तो आधी हुंगते. म्हणूनच ‘आमच्या इमारतीतला अलार्म उगाच वाजायचा, म्हणून बंद करून टाकला’ असं कुणी सांगितलं की मला संताप येतो. अरे, तो दुरुस्त करायचा की मुका करायचा?

यंत्र घेणं सोपं आहे. ते वाजवायचं कुणी, हे आधी ठरवा. फाइलवर सही करणारे साहेब रात्री अडीचला झोपलेले असतात. अंबाझरीच्या सांडव्यावर पावसाळ्याच्या रात्री जागता माणूस हवा, बटण त्याच्या हाताशी हवं, आणि ते दाबायला कुणाच्या फोनची वाट पाहावी लागता कामा नये.

सांडव्यावरून निघालेलं पाणी वस्तीत पोचेपर्यंत काही मिनिटं हाती असतात. घरातल्या आजारी माणसाला उचलून वरच्या मजल्यावर न्यायला तेवढी पुरतात.

त्या पुरात चौघं गेले. त्यांतली एक बाई पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेली होती.