उजवा कौल

संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी १९२५ साली, निष्कर्ष ग्राह्य धरण्यासाठी पी-मूल्याची ०.०५ ही सीमा सोयीची म्हणून सुचवली. सोय हेच शास्त्राचे अधिष्ठान, हे सुज्ञांनी तत्काळ ओळखले. म्हणून अनुमानशास्त्राच्या पायावर आता कोणी वेळ दवडत नाही. पाया परीक्षेत येत नाही. पी-मूल्य ०.०६ आले, की विद्यार्थी दोन निरीक्षणे ‘अपवादात्मक’ म्हणून वगळतो आणि पुन्हा कळ दाबतो. ०.०४९ दिसताच मार्गदर्शक पेढे मागवतात. गोव्यात जन्मलेले गणितज्ञ दामोदर कोसंबी मात्र आकडेवारीसाठी प्राचीन नाणी हजारोंनी तोलत बसले. बिचाऱ्यांना सॉफ्टवेअर मिळाले नाही.

ही प्रगत पद्धत गोव्यातल्या पेडणे-डिचोलीच्या देवळांतही लागू करावी, अशी आमची नम्र सूचना आहे. तिथे मूर्तीला पाकळ्या लावून देवाचा कौल घेतात. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. यापुढे डावी पडल्यास ती अपवादात्मक मानून उचलावी, आणि उजवी पडेपर्यंत नव्या लावत राहाव्यात. अहवालात फक्त शेवटची पाकळी नोंदवावी.

प्रस्ताव घेऊन आम्ही डिचोलीकडच्या एका भटजींना भेटलो. त्यांनी तो शेवटपर्यंत वाचला, घडी घालून परत दिला आणि म्हणाले, “विद्यापीठात चालेल हो. इथं समोर देव बसलाय.”