थांबा, वर बघा!

काकांबरोबर सिमल्याला जाऊन आलेला माणूस दिल्लीच्या मुनिरकात लगेच ओळखू येतो. आठवडाभर तो मानेला बाम चोळत असतो. कारण काकांचे तीन शब्द: ‘थांबा. वर बघा.’ सिमल्यात पाहण्यासारखं जे काही आहे ते इंग्रजांनी माणसाच्या डोक्याच्या वर बांधून ठेवलंय, खाली नुसती दुकानं आहेत, असा काकांचा सिद्धांत. आणि तो बराचसा खरा आहे. मॉल रोडवर नजरेच्या पातळीवर स्वेटर, शाली आणि सॉफ्टी. मान वर केली की त्याच दुकानांच्या माथ्यावर लाकडी सज्जे, उतरती पत्र्याची छपरं आणि धज्जीच्या भिंती.

धज्जीवर काकांचा फार जीव. लाकडाची चौकट उभी करायची, आत आडव्यातिडव्या पट्ट्या मारून चौकोन-त्रिकोण पाडायचे आणि ते दगडमातीने भरायचे. भूकंपात अशी भिंत कुरकुरते, पण सहसा बसत नाही. ‘आपली गोधडी असते ना, तशी भिंत!’ असं म्हणून काका बोटाच्या पेराने भिंत वाजवून दाखवतात. एकदा आतून घरमालक बाहेर आला.

‘क्या चाहिए अंकलजी?’

‘कुछ नहीं, दीवार देख रहा हूँ.’

‘बिकाऊ नहीं है.’

असे काका आता प्रत्येक शहरात उगवले आहेत. पेन्शन चालू, गुडघे शाबूत, मुलगा अमेरिकेत. पूर्वी निवृत्त माणूस गीतेवर प्रवचन करी, नाही तर संपादकांना पत्रं लिही. आता तो हेरिटेज वॉक काढतो. तिन्हींत समान गोष्ट एकच, समोरच्याला मध्ये बोलता येत नाही. आमचे काका मूळचे सदाशिव पेठेतले. केंद्र सरकारच्या कुठल्याशा मंत्रालयातून अवर सचिव म्हणून निवृत्त झाले आणि आर. के. पुरमचं सरकारी क्वार्टर सोडून मुनिरकाच्या डीडीए फ्लॅटमध्ये आले. तीस वर्षं ज्याने फायलींवर ‘कृपया चर्चा करावी’ असा शेरा मारला, त्याला आता कुठे चर्चा करायला मिळते आहे.

त्यांच्या वॉकची फाईलच असते. लॅमिनेट केलेले कागद, कोपऱ्यात भोक, त्यातून सरकारी हिरवा टॅग. पानांना क्रमांक. ‘चर्चबद्दल आपण पान चारवर बोललो, त्याला जोडून आता पान नऊ.’ गळ्यात शिट्टी, डोक्यावर कान झाकणारी टोपी, कमरेला नेहरू प्लेसहून आणलेला छोटा लाऊडस्पीकर. मुनिरका गावाच्या गल्लीत बटाटे-कांदेवाल्याच्या गाड्यावर असतो, थेट तोच आवाज. गेल्या वर्षी माइक सुरू झाल्यावर सिमल्याच्या दोन बायका पिशवी घेऊन खाली आल्या होत्या.

काकांचं मोजमाप मात्र माथेरान. लहानपणी उन्हाळ्याच्या सुट्टीत एकदा गेले होते, त्यावर सगळे हिमालय तोलतात. कालक्याला छोट्या गाडीत बसलो की सुरुवात होते. ‘आपली नेरळ-माथेरान १९०७ ची. आदमजी पीरभॉय कुटुंबाने पदरच्या पैशाने बांधली. रूळ दोन फुटांचे. ही १९०३ ची, रेल्वे कंपनीने बांधलेली, रूळ अडीच फुटांचे. अर्धा फूट जास्त, म्हणून २००८ साली युनेस्कोचा शिक्का!’ त्यांच्या आवाजातला कडवटपणा असा, की अर्ध्या फुटासाठी बढती हुकलेला माणूसच जणू बोलतोय.

बोगदे एकशे दोन. काका प्रत्येक बोगद्याला मोठ्याने आकडा म्हणतात, डबा साधारण विसाव्यापर्यंत साथ देतो, पुढे काका एकटेच. तेहतिसावा बडोगचा, ११४३ मीटर, या मार्गावरचा सर्वांत लांब. इथली कहाणी सगळेच सांगतात: बडोग नावाच्या इंजिनिअरने डोंगराच्या दोन्ही बाजूंनी खणायला घेतलं, दोन टोकं जुळेनात, सरकारने त्याला एक रुपया दंड केला आणि अपमानाने त्याने स्वतःला गोळी घातली. मग भलकू नावाच्या पहाडी माणसाने काठीने ठोकून ठोकून नवी वाट दाखवली. इतर गाईड इथे भूत आणतात. काका भुताकडे वळत नाहीत, त्यांचा जीव दंडात अडकतो. ‘एक रुपया! त्यापेक्षा खातेनिहाय चौकशी परवडली. निदान वीस वर्षं चालली असती, तोवर हा निवृत्त झाला असता.’

आमच्याबरोबर लातूरचा एक मुलगा होता. मुनिरकात खोली, बेर सरायला झेरॉक्स, यूपीएससीचा तिसरा अटेम्प्ट. ‘कला आणि संस्कृती’ पक्कं करायला आला होता. भलकूचं नाव वहीत लिहून त्याने विचारलं, ‘काका, हे प्रिलिम्सला येईल का?’

‘आयुष्यात येईल,’ काका म्हणाले.

मुलाने वही मिटली.

रिजवर काकांचा हातखंडा प्रयोग असतो. इंग्रजांनी १८४४ साली पायाभरणी केलेलं ख्राइस्ट चर्च मागे ठेवायचं, सगळ्यांना अर्धवर्तुळात उभं करायचं आणि पाण्याची बाटली काढायची. ‘आपण उभे आहोत ही धार आहे, घराच्या आढ्यासारखी. उत्तरेच्या उतारावरचं पाणी सतलजला मिळतं, म्हणजे सिंधूला, म्हणजे अरबी समुद्राला. दक्षिणेच्या उतारावरचं यमुनेला, म्हणजे गंगेला, म्हणजे बंगालच्या उपसागराला.’ मग अर्धी बाटली या बाजूला, अर्धी त्या बाजूला. लोक टाळ्या वाजवतात. खरोखरच अंगावर काटा येतो, मी दोनदा पाहिलंय.

‘प्यायचं पाणी होतं ते,’ काकू म्हणाल्या.

‘अगं, हे बघ, समुद्राला मिळायच्या आधी हे पाणी आपल्या दिल्लीतूनच जाणार आहे.’

‘मग आपल्या नळाला कधी येतंय?’

काकूंविषयी सांगायला हवं. त्या अकरा वेळा सिमल्याला आल्यात आणि एकदाही वर बघितलेलं नाही. त्यांना तळमजल्याचं सिमला पाठ आहे. कुठल्या हॉटेलात बाथरूम स्वच्छ, कुठे चहात साखर कमी सांगितली तर खरोखर कमी घालतात, लक्कड बाजारात कुठल्या दुकानी लाटणं घ्यावं आणि कुठे नुसतं हातात धरून ठेवून द्यावं. पहिल्या तासाभरात ग्रुप काकांच्या मागे असतो. दुपारपर्यंत काका पुढे असतात आणि ग्रुप काकूंच्या मागे.

ग्रुप उरलासुरला फुटतो तो स्कँडल पॉइंटला. पतियाळाच्या महाराजांनी इंग्रज साहेबाची मुलगी इथून घोड्यावर घालून पळवली, अशी आख्यायिका. आता कुठलाही शहाणा गाईड इथे गोष्टीला थोडं तूप सोडेल. काका पान अकरा काढतात. ‘काही जण ही मुलगी लॉर्ड किचनरची म्हणून सांगतात. किचनर १९०२ ते १९०९ इथे सरसेनापती होते. त्यांनी जन्मभर लग्न केलेलं नव्हतं.’

‘म्हणून काय झालं?’ मागून एक बाई म्हणाल्या.

काकांनी दुर्लक्ष केलं. ‘दुसरा मुद्दा. या प्रकरणामुळे महाराज भूपिंदरसिंहांना सिमल्याची बंदी झाली आणि म्हणून त्यांनी चैल वसवलं, असं म्हणतात. पण पतियाळाने चैलला उन्हाळी राजधानी हलवली १८९१ च्या सुमारास. भूपिंदरसिंहांचा जन्म कधीचा? १८९१ चा! पाळण्यातलं मूल घोड्यावरून कोणाला पळवेल?’

युक्तिवाद बिनतोड होता. पण दहा पावलांवर एक स्थानिक गाईड पंजाबी पर्यटकांना तीच गोष्ट घोड्याच्या टापांच्या आवाजासकट सांगत होता. आमच्यातल्या दोन बायका अलगद तिकडे सरकल्या. मग त्यांचे नवरे, त्यांना बोलवायला म्हणून. मग बाकीचे. पान अकरा संपलं तेव्हा काकांसमोर मी, लातूरचा मुलगा आणि लाला लजपतराय उरलो होतो. लालाजींचा पुतळा आहे, त्यांना जाता येत नव्हतं.

काकांनी शिट्टी मारली नाही. चष्मा पुसला आणि म्हणाले, ‘त्याच्या घोड्याचा आवाज चांगला आहे, नाही?’

जाखूच्या चढावर रॉथनी कॅसलच्या वाटेला लागलो की काका पुन्हा रंगात येतात. ते अ‍ॅलन ऑक्टेव्हियन ह्यूमचं घर. ‘काँग्रेसचं पहिलं अधिवेशन १८८५ साली पुण्याला ठरलं होतं. ऐन वेळी पटकीची साथ आली, म्हणून मुंबईला गोकुळदास तेजपाल पाठशाळेत हलवावं लागलं.’ हे ते असं सांगतात, की पटकी मुंबईकरांनीच पाठवली असावी. पण ह्यूमचं खरं वेड पक्ष्यांचं. हजारो पक्ष्यांच्या नोंदी त्याने वर्षानुवर्षं लिहून काढल्या होत्या. घरच्या नोकराने ते हस्तलिखितांचे गठ्ठे सिमल्याच्या बाजारात रद्दी म्हणून विकून टाकले. ह्यूम खचला, आणि उरलेला पक्ष्यांचा संग्रह त्याने ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकला.

इथे काका टोपी काढतात. दोन वर्षांपूर्वी मुनिरकातल्या त्यांच्या पलंगाखालून बावीस वर्षांची वर्तमानपत्री कात्रणं अशीच गेली होती. काकू त्या वेळी दरीकडे बघत असतात.

व्हाइसरीगल लॉज १८८८ ची, हेन्री अर्विनची. लॉर्ड डफरिन राहायला आले तेव्हा आत विजेचे दिवे होते. १९४५ ची सिमला परिषद इथलीच. १९६५ पासून इथे भारतीय उच्च अध्ययन संस्था आहे. हे सगळं आम्हाला संस्थेच्या गाईडने सांगितलं, कारण आत तिकीट काढून त्यांच्याच माणसामागे फिरावं लागतं. काकांना अर्धा तास गप्प राहावं लागलं. त्यांचे ओठ हलत होते. गाईडने एक साल चुकवलं तेव्हा त्यांनी माझा दंड इतका दाबला, की वळ उठला.

परतताना पीटरहॉफपाशी त्यांनी लाऊडस्पीकर बंद केला. मूळची वास्तू १९८१ च्या आगीत गेली, आता तिथे हॉटेल आहे. फाळणीनंतर पंजाबचं उच्च न्यायालय तिथे भरे आणि १९४९ साली गांधीहत्येच्या खटल्यातली अपिलं तिथेच चालली. काकांनी एवढं दोन वाक्यांत सांगितलं. पान उघडलं नाही. पुण्यामुंबईची वीस माणसं एका हॉटेलच्या पार्किंगकडे बघत उभी होती. वर कोणीच बघितलं नाही आणि काकांनी तसं सांगितलंही नाही.

परतीच्या शताब्दीत चिवड्याचं शेवटचं पाकीट फुटल्यावर मी काकांना विचारलं, ‘आपल्या मुनिरकाचा वॉक का नाही काढत?’

‘मुनिरकात काय आहे? २०१८ ला मेट्रो आली, ती.’

‘आउटर रिंग रोड ओलांडला की आर. के. पुरम सेक्टर पाचला वझीरपूरचा गुंबद आहे, मुंडा गुंबद आहे, बावडी आहे. लोदींच्या काळातलं सगळं. सिमल्याच्या चर्चच्या आधी तीनशे वर्षं.’

काका बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘अरे, तो आमच्या क्वार्टरच्या गॅलरीतून रोज दिसायचा.’

‘मग?’

‘मग काय? पोरं त्याच्या भिंतीवर खडूने स्टंप काढायची. मी कचेरीतून आलो की त्यांना हाकलायचो.’

‘आपलाच मुलगा काढायचा,’ काकू खिडकीबाहेर बघत म्हणाल्या. ‘एकदा यांनीच काढून दिले होते. सरळ येत नव्हते त्याला.’

अंबाला गेलं, पानिपत गेलं. पानिपतावर नेहमी पाऊण तास बोलणारे काका गप्प. रात्री घरी पोचल्यावर ग्रुपवर दोन सूचना आल्या, दोन्हींना रीतसर क्रमांक घातलेले.

एक: ऑक्टोबरात पुन्हा सिमला, तीन दिवस, चिवडा ज्याचा त्याने आणावा.

दोन: येत्या रविवारी सकाळी साडेसहाला मुनिरका मेट्रोपाशी जमावे, आर. के. पुरम सेक्टर पाचचे घुमट व बावडी, अंतर रस्ता ओलांडण्याइतके, शुल्क नाही.

सिमल्याला पहिल्या दिवशीच चोवीस नावं आली आणि खाली प्रतीक्षायादी सुरू झाली. रविवारसाठी दोन आली आहेत. एक लातूरच्या मुलाचं, एक माझं. काकूंनी कळवलंय की त्या खाली बसून चहाचा थर्मास सांभाळतील, वर बघायला सांगू नये.