पडायचंय? तिकीट दाखवा

न्यू यॉर्कमध्ये चारचौघांत निवांत आडवं होण्याचा दर २०२३ साली २५ डॉलर होता. म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टचं, म्हणजे मोमाचं, तिकीटच तेवढं. एरवी चित्राच्या जरा जवळ सरकलं तरी तिथला रखवालदार खाकरतो. त्या वर्षी जानेवारी ते एप्रिल मात्र ‘या, पडा’ असं खुलं आमंत्रण होतं. नाव्हिल्द अकोस्टा आणि फॅनी सोसा या जोडीची ‘ब्लॅक पॉवर नॅप्स’ नावाची मांडणी: आत शिरा, अंग टाका, डोळा लागला तर उत्तमच. तिच्या आधीच्या एका अवतारात काळ्या घेवड्याच्या दाण्यांनी भरलेला बिछानाही होता. त्यात खुशाल रुतून बसायचं.

हसू नका, म्हणणं रास्त आहे. अमेरिकेत कृष्णवर्णीयांच्या वाट्याला गोऱ्यांपेक्षा सरासरी कमी झोप येते, हे संशोधकांनी पुन्हा पुन्हा मोजून दाखवलंय. रात्रपाळ्या, दोन-दोन नोकऱ्या, गोंगाटातली घरं. आणि मागे गुलामगिरीचा तो काळ, जेव्हा दिवसाबरोबर रात्रही मालकाचीच. अकोस्टा-सोसांच्या लेखी ही झोप म्हणजे थकबाकी आहे, ती चुकती व्हायला हवी. वसुलीला बसायला गडगंज संग्रहालयापेक्षा चांगली जागा कुठली? फक्त येणं वसूल करायला आलेल्यानेच दारात पैसे मोजायचे आणि संध्याकाळी साडेपाचला चपला घालायच्या, एवढीच काय ती गंमत. रखवालदाराची ड्युटी अर्थातच उभ्याने.

आता तिथून वीसेक रस्ते खाली उतरा, आठव्या ॲव्हेन्यूवर. मॉयनिहान ट्रेन हॉल, पेन स्टेशनचंच नवं दालन. न्यू जर्सीतल्या एडिसनहून रोज पेन स्टेशन गाठणाऱ्या आपल्या मंडळींना ठाऊक असेल. १ जानेवारी २०२१ला उघडला, खर्च १६० कोटी डॉलर, डोक्यावर एकरभर काच. उघडला तेव्हा सगळं होतं, मुख्य दालनात बसायला बाक तेवढं नव्हतं. बसायची वेगळी खोली होती, ती तिकीटवाल्यांना. बाकीच्यांनी या पायावरून त्या पायावर व्हायचं.

कडी म्हणजे एका दाराशी छतावर चित्रकार केहिंदे वायलीचं रंगीत काचेचं काम आहे. निळ्या आभाळात ब्रेकडान्स करणारी कृष्णवर्णीय तरुण मंडळी, पायात झकास बूट, अंगात वारं भरलेलं. फारच देखणं. नीट बघायचं तर फरशीला पाठ टेकवावी लागेल. टेकवून बघा.

२०२१च्याच फेब्रुवारीत एका प्रवाशाने भुयारी रेल्वेला ट्विटरवर विचारलं, तेविसाव्या रस्त्याच्या स्थानकातली बाकं कुठे गेली? उत्तर आलं: बेघर लोक झोपू नयेत म्हणून काढली. बोंबाबोंब झाली, उत्तर पुसलं गेलं. सरकारी खातं चुकून खरं बोललं आणि शब्द गिळावे लागले, ते बहुधा खरं बोलल्याबद्दलच.

म्हणजे शहराचं आडवं होण्याशी वैर नाही. आडवा कोण होतोय, कुठे, आणि शेजारी पाटी आहे का, एवढंच ते बघतं. तीच माणसं, तीच झोप. मोमात समीक्षक येतो, स्थानकात पोलीस.

तेव्हा एक फुकटची सूचना. पुढच्या खेपेला ही मांडणी थेट मॉयनिहानच्या मधोमध लावा, वायलीच्या आभाळाखाली. तिकीट नको, साडेपाचची घंटा नको. कडेला संग्रहालयात असते तशी नेटकी पाटी असू द्या: कलावंतांची नावं, आणि माध्यम म्हणून ‘गाद्या, झोपलेली माणसं’. विमा भरभक्कम उतरवा. मग दंडुका आपटत उठवायला आलेल्या शिपायाला आधी पाटीची शेवटची ओळ वाचावी लागेल: कृपया कलाकृतीला हात लावू नये.