भिंतीवरचं गॅरेज

"काय करायलाय गं तुझा नवरा? गाडीखाली झोपलाय की काय?"

रविवारी सकाळी साडेसातच्या सुमाराला भिंतीपलीकडून हा प्रश्न येतोच. काकू पलीकडे झाडांना पाणी घालत असतात, मी अलीकडे मोबाइलचा टॉर्च धरून उभी असते.

"चेन साफ करतोय, काकू."

"परवाच केली होती की!"

"परवा नाही, पंधरा दिवस झाले. पाचशे किलोमीटर झाले की करायची असते."

"पाचशे? कुठं जाऊन आलाय एवढं?"

"ऑफिसला."

यावर काकू नळीचं पाणी बंद करून हसतात. बंगळुरूत जालहळ्ळीहून मारतहळ्ळी, रोज जाऊन-येऊन पन्नासेक किलोमीटर. (इंग्रजी नावात मराठा दिसतो म्हणून त्या गावावर हक्क सांगायचा मोह प्रत्येक पुणेकराला पहिल्या आठवड्यात होतो. आम्हालाही झाला.) आमची गाडी हिमालयन. 411 सीसीचं इंजिन, 15 लिटरची टाकी, वजन जवळजवळ 200 किलो. नावाला जागून खारदुंगला चढायची तयारी तिनं केव्हाच केली आहे. प्रत्यक्षात तिनं पाहिलेलं सगळ्यात उंच ठिकाण म्हणजे नंदी हिल्स, आणि तिथंही आम्ही धुक्यात पार्किंग शोधत होतो.

टॉर्च धरणाऱ्या माणसाला कुणी मेकॅनिक म्हणत नाही. पण चार वर्षं टॉर्च धरला की सगळं कळायला लागतं. चेनच्या कड्यांत रबराच्या बारीक रिंगा असतात, त्यांच्यामुळे आतलं ग्रीस आत राहतं. पेट्रोलनं धुतली तर त्या रिंगा खराब होतात. म्हणून डिझेल, जुना टूथब्रश, मग फडकं आणि शेवटी 90 नंबरचं गिअर ऑइल, तेही थेंबाथेंबानं. जास्त ओतलं तर ते मागच्या चाकावर आणि तिथून माझ्या सलवारीवर. टॅपेट सेट करायचे ते इंजिन पूर्ण गार असताना, चहा झाल्याबरोबर नव्हे. टायरची हवाही गार असताना मोजायची. हे सगळं मला येतं, फक्त कुणी विचारत नाही. "इकडे नाही, जरा वर धर" एवढंच संभाषण.

काकू मूळच्या बेळगावच्या. काका एचएमटीच्या घड्याळ कारखान्यातून निवृत्त झालेले. 1961 साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या साथीनं तिथं पहिली घड्याळं झाली आणि 2016 साली सगळंच आटोपलं. काकांची येझ्दी मात्र चालू आहे. रोडकिंग, 1983 सालची, म्हैसूरच्या आयडियल जावाची. तो कारखाना तर 1996 लाच बंद पडला. नोकरीचा कारखाना गेला, गाडीचा कारखाना गेला, गाडी राहिली. काका इग्निशनच्या पॉइंट्समधली फट फीलर गेजनं बघतात ती डोळ्याला भिंग लावून. घड्याळवाल्याची सवय. आमचा नवरा यूट्यूब बघून करतो आणि काका भिंतीवर कोपर टेकून त्याच्याकडे बघतात. काही बोलत नाहीत. फक्त "हं" म्हणतात. त्या "हं"ला आमच्या घरात फार किंमत आहे.

आम्ही पुण्याहून आलो तेव्हा गाडीवर एमएच 12 होतं. नोंदणी देशभर चालते, पण दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून जास्त राहिलात तर नवा नंबर घ्यावा लागतो. म्हणजे आधी पुण्याच्या आरटीओची एनओसी, मग इथला आजीवन कर, मग तिकडे भरलेल्या कराच्या उरलेल्या वर्षांचा परतावा मागायचा. आमच्याकडचा एकेक कागद पुण्याच्या माळ्यावर राहिलेला, त्यामुळे सासूबाई शिडीवर आणि आम्ही फोनवर. जुनी पाटी काढली त्या दिवशी नवरा जेवला नाही. काकू म्हणाल्या, "पोरीचं लग्न झाल्यावर आडनाव बदलतंय, तेव्हा कुणी उपाशी राहतंय का गं?"

आता मुख्य गोष्ट. गेल्या चार वर्षांत आमच्या गाडीला जे जे लागलं, ते बहुतेक सगळं सुटून आज काकूंच्या घरी नांदतंय.

पहिला मान सायलेन्सरचा. जे. सी. रोड म्हणजे बंगळुरूतल्या गाडीवाल्यांची तुळशीबाग. कारचे सीटकव्हर, हॉर्न, दिवे, आरसे, काय हवं ते. तिथल्या एका दुकानातून शनिवारी दुपारी तो सायलेन्सर आला. रविवारी पहाटे साडेचारला नवरा फिरायला निघाला आणि अख्खी गल्ली त्याच्याबरोबर निघाली. परत आला तर काका भिंतीपाशी. "हं," म्हणाले. मग चार वर्षांतलं त्यांचं सगळ्यात मोठं भाषण झालं: "आवाज वाढला, खालची ओढ गेली. गिअर आधी पाडायला लागतोय की नाही?" लागत होता. त्यातून मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आहे, कंपनीनं जसं मंजूर करून दिलं तसंच ठेवायचं. 2019 च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानंही तेच सांगितलं. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती झाली, आणि आता एकेका बदलाला 5000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद. "एकेका बदलाला" हे शब्द मी नवऱ्याला दोनदा वाचून दाखवले आणि गाडीकडे बघून बोटं मोजली. जुना सायलेन्सर परत बसला. नवा काकूंच्या मागच्या दाराला टेका म्हणून आहे. "वाऱ्यानं दार आपटत होतं बघ. आता हूं की चूं नाही."

दुसरे आले फॉगलाइट. चाळीस-चाळीस वॅटचे दोन. बसवणाऱ्यानं रिले घातलाच नाही, सगळा करंट त्या इवल्याशा स्विचमधून. एका संध्याकाळी हेब्बाळच्या फ्लायओव्हरवर प्लॅस्टिक जळल्याचा वास आला. शेजारच्या रिक्षावाल्यानं "सर, होगे बर्ता इदे" असं सांगितलं, म्हणजे धूर येतोय. आमच्याकडे कानडी तेव्हा बेताचंच. नवऱ्यानं त्याला "थँक यू" म्हटलं आणि पुढे निघाला. पुढच्या सिग्नलला कळलं. मग काकांनी भिंतीवर वर्तमानपत्र पसरून रिले कसा असतो ते उघडून दाखवलं. लहान करंटनं मोठ्या करंटचं दार उघडायचं, एवढाच तो खेळ. पण तोवर उत्साह विझला होता. हे दिवे बारा व्होल्टचे, आणि काकांच्या यूपीएसची जुनी बॅटरीही बारा व्होल्टची. आता वीज गेली की काकूंचा धुण्याचा दगड विमानतळासारखा उजळतो.

पेट्या मात्र थाटात आल्या. अॅल्युमिनियमच्या, मागे दोन बाजूंना दोन आणि वर एक. त्या बसवायला मागची लोखंडी चौकट लागते, आणि त्या चौकटीला साडी गार्ड आडवा येतो. साडी गार्ड काढला. मी म्हटलं, तो नियमात आहे, केंद्रीय मोटार वाहन नियम 123: मागच्याला धरायला जागा, पाय ठेवायला जागा आणि मागच्या चाकाचा निम्मा भाग झाकणारं काहीतरी. नवरा म्हणाला, "तू कुठे साडी नेसतेस?" हे वाक्य लक्षात ठेवा.

त्या दिवाळीला आम्ही पुण्याला निघालो. सव्वाआठशे-साडेआठशे किलोमीटर. क्यातसंद्राला तट्टे इडली, म्हणजे ताटलीएवढी इडली, आणि तिथवर सगळं छान. उजाडलं नव्हतं. समोरून येणारा प्रत्येक ट्रक आम्हाला दिवा मारत होता. नवरा खूश. म्हणाला, "बघ, लोकांना टूरिंगवाल्यांचं कौतुक असतं." कौतुक कसलं! मागे तीन पेट्या, पेट्यांत काकूंनी दिलेला कुंदा आणि सासूबाईंसाठी घेतलेला फिल्टर कॉफीचा सगळा संसार, आणि वर मी. गाडीचं बूड खाली गेलेलं, तोंड वर, आणि हेडलाइटचा झोत ट्रकवाल्यांच्या डोळ्यांत. मागच्या स्प्रिंगचा प्रीलोड दोन खाचा वाढवायचा असतो, एवढंच. पाना होता. कॉफीच्या खाली.

हिरियूरच्या पुढे चित्रदुर्गची पवनचक्क्यांची डोंगररांग येते. पवनचक्क्या लोकांनी तिथं शोभेला लावलेल्या नाहीत. बाजूनं वारा आला की त्या पेट्या शिडासारख्या फुगल्या आणि सबंध गाडी शेजारच्या लेनमध्ये जाऊ बघत होती. मी पाठीमागून मारुतीस्तोत्र म्हणत होते. नवऱ्याच्या हेल्मेटमधून काहीच ऐकू येत नव्हतं हे बरं, कारण मधले शब्द स्तोत्रातले नव्हते. दावणगेऱ्याचा बेण्णे डोसा खाऊन जिवात जीव आला. बेळगावला काकूंच्या माहेरी मुक्काम केला. त्यांच्या वहिनींनी पेट्या बघून विचारलं, "बदली झाली काय ओ?"

परत आल्यावर पेट्या सुटल्या. एक आमच्याकडे आहे, दोन भिंतीपलीकडे. पाणी जात नाही, मुंगी जात नाही. बंगळुरूच्या मुंग्यांपासून सांडगे-पापड वाचवणारी वस्तू काकूंना पहिल्यांदाच मिळाली.

तुम्ही म्हणाल, काकांची येझ्दी बरी, तिला काही लावायला नको. लावायला नको, पण घालायला? पेट्रोलमध्ये लिटरमागे तीस-चाळीस मिली तेल, तेही प्रत्येक वेळी हातानं. ते तेल जळून काजळी सायलेन्सरमध्ये बसते, आणि मग गाडी दमेकऱ्यासारखी चढ चढते. काजळी काढायला कॉस्टिक सोड्याचं पाणी. एकदा काकू माहेरी गेल्या असताना काकांनी हा कार्यक्रम काकूंच्या अॅल्युमिनियमच्या मोठ्या पातेल्यात केला. कॉस्टिक अॅल्युमिनियम खातं. सायलेन्सर लख्ख झाला, पातेल्याच्या बुडातून फरशी दिसायला लागली. "घड्याळाच्या कारखान्यात आयुष्य काढलं ओ या माणसानं," काकू सांगतात, "आणि पातेलं कशाचं हे कळू नये?" तीस वर्षं झाली या गोष्टीला. काका अजून "हं" म्हणतात.

आता त्यांना नवी काळजी लागली आहे इथेनॉलची. वीस टक्क्यांचं ते पेट्रोल 2023 च्या फेब्रुवारीत इथूनच, बंगळुरूतूनच सुरू झालं. इथेनॉल पाणी ओढतं. गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली की टाकीच्या तळाशी ते साठतं आणि आतून गंज धरतो. जुनी रबरंही त्याला टिकत नाहीत. काकांनी पेट्रोलची नळी बदलली आणि आता दर रविवारी न चुकता एक फेरी मारतात. पंपाला इथं बंक म्हणतात. बंकवरून परतताना त्या येझ्दीचा टणटण आवाज आला की मी कुकर लावते. काकू म्हणतात, "आमच्या बेळगाव-कोल्हापूरचा ऊस पूर्वी चहात पडत होता, आता टाकीत पडायलाय. चालायचंच." खरं सांगायचं तर नवऱ्याच्या आणि काकांच्या गाड्यांत मला एकच फरक दिसतो. काका गाडीचं ऐकतात, आमचा गाडीला ऐकवतो. पण हे मी भिंतीवर बोलत नाही, तिलाही कान आहेत.

तर परवाची गोष्ट. काकूंच्या भाच्याचं लग्न म्हैसूरला, आम्हालाही आमंत्रण. काका म्हणाले, दोन्ही गाड्या काढू. नवा महामार्ग दुचाकींना 1 ऑगस्ट 2023 पासून बंद, पण काकांना त्याचं सुखच. बाजूच्या जुन्या रस्त्यानं बिडदी, रामनगर, चन्नपट्टण अशी गावं लागतात, मद्दूरला वडा खाता येतो, आणि म्हैसुरात शिरल्यावर यादवगिरीत, जिथं गाडी जन्मली तिथंही एक चक्कर टाकता येईल. मी म्हटलं, जमलं, पण लग्नाला पैठणी नेसणार, आणि नेसूनच बसणार.

नवरा गप्प. मग भिंतीशी गेला.

"काकू, तो साडी गार्ड..."

काकूंनी कोपऱ्याकडे बोट केलं. गार्ड जमिनीत उभा रोवलेला, आणि त्याच्या जाळीतून दोडक्याचा वेल असा विणलेला की लोखंड कुठलं आणि तणावा कुठला ते कळेना. वरती पिवळी फुलं, खाली बोटाएवढाले सहा दोडके.

"आत्ता कसा काढायचा रे? धरलेत की ते."

"किती दिवस लागतील?"

"तोडणी सुरू झाली की दोन महिने कुठं गेले नाहीत. तोपर्यंत स्वल्प अॅडजस्ट माडी, थोडं जुळवून घ्या."

लग्नाच्या दिवशी पहाटे काका-काकू 1983 च्या गाडीवरून गेले. काकू इरकलीत, एका बाजूला बसून, मांडीवर आहेराची पिशवी. आम्ही यशवंतपूरहून रेल्वेनं गेलो. पैठणीला गाडीचा धक्कासुद्धा लागला नाही, आणि मद्दूर वडा खिडकीतच मिळाला.