पाणी बंद, पाळणे चालू
(सावनेर, केळवद, पाटणसावंगी व पंचक्रोशीतील नवशिक्यांसाठी सोपी मार्गदर्शिका)

हे कोणासाठी?

मार्च २०२० च्या कोरोना टाळेबंदीनंतर ज्यांनी पाळणा फक्त बारशाला पाहिला, आणि तोही मोबाइलवर, त्यांच्यासाठी. डिसेंबर २०२० मध्ये मनोरंजन पार्कांना एकदा परवानगी मिळाली होती. पण आपले ‘जाऊ, जाऊ’ होईस्तोवर मार्च उजाडला आणि नागपुरात पुन्हा कडक टाळेबंदी लागली. मग २२ ऑक्टोबर २०२१ पासून सिनेमा-नाटकं निम्म्या खुर्च्यांवर सुरू झाली आणि पार्कांची फाटकंही उघडली.

अट एकच. कोरडे खेळ चालू, पाण्याचे बंद.

मुंबई-पुण्याकडे ही अट किरकोळ असेल. आपल्याकडे ‘पार्कात जाऊ’ याचा अर्थच ‘पाण्यात डुंबू’ असा आहे. मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकला की माणूस पाळण्यासाठी नाही, घसरगुंडीवरून धपकन पाण्यात पडण्यासाठी तिकीट काढतो. पाण्याविना वॉटर पार्क म्हणजे तर्रीविना पोहे. तरीही जायचे असेल, तर पुढे वाचा.

पायरी १ : कागद

लशीचे दोन डोस, आणि दुसऱ्याला चौदा दिवस झालेले. मॉलच्या दारात ऑगस्ट २०२१ पासून हाच हिशेब होता, इथेही मागतील असे धरून चला. सर्टिफिकेट लॅमिनेट केले असेल तर उत्तम. त्यावरचा फोटो तुमचा नाही म्हणून गडबडू नका, दारावरच्या माणसाला ते ठाऊक असते. पोट्ट्यांना तेव्हा लस नव्हती, त्यांचे आधार कार्ड घ्या. त्यावरचा फोटो त्यांचाच असतो, पण ओळखू येत नाही.

पायरी २ : वाहन

लालपरीची वाट पाहू नका. ऑक्टोबरअखेर एसटीचे कर्मचारी संपावर गेले आणि दिवाळीनंतर गाड्या डेपोतच उभ्या राहिल्या. काळीपिवळी धरा. तिच्यात चौदा जण मांडीला मांडी लावून बसतात, पंधरावा मागे लटकतो. पार्कच्या फाटकाशी उतरल्यावर हेच पंधरा जण सहा-सहा फुटांवरच्या पांढऱ्या गोलांत एकेकटे उभे राहतात आणि एकमेकांकडे संशयाने पाहतात. यात विसंगती शोधू नका. नागपूर-छिंदवाडा रस्त्यावर विषाणूला प्रवेश नसावा.

पायरी ३ : फाटक

कपाळावर पिस्तूल रोखले जाईल. हात वर करायची गरज नाही. उन्हातून आल्यामुळे कपाळ तापलेले निघाले, तर पहारेकरी मनगट मागतो. मनगटही तापलेले असेल, तर सावलीत उभे करतो. तिसऱ्यांदा तो स्वतःच कंटाळतो.

मग ओंजळीत सॅनिटायझर पडेल. सोबत वडीलधारी मंडळी असतील तर सावध राहा. अडाशाच्या गणपतीला जाऊन जाऊन हात आपोआप ओठांशी जातो आणि उरलेले डोक्यावरून फिरते. त्यांना आधीच सांगून ठेवा की हे तीर्थ नव्हे.

रांगेत वेळ जाईल. पोट्टे पांढऱ्या गोलांत लंगडी खेळतील, खेळू द्या. मोठ्यांनी सावनेरकर म्हणून गडकऱ्यांची आठवण काढावी. २३ जानेवारी १९१९ ला राम गणेश गडकरी गेले ते याच गावात. तेव्हाही देश इन्फ्लुएन्झाच्या साथीतून नुकता उठत होता. त्यांच्या विनोदी लेखांच्या पुस्तकाचे नाव ‘रिकामपणाची कामगिरी’. टाळेबंदीत आपण दीड वर्ष जे केले त्याला याहून नेमके नाव अजून कोणाला सुचलेले नाही.

पायरी ४ : पाण्याचे दर्शन

आत गेल्यावर आधी पाणी नाही हे पाहून घ्या, म्हणजे मन शांत होते. निळ्या फरशीचा रिकामा हौद, त्यात कडुनिंबाचा पालापाचोळा, मधोमध निवांत झोपलेले कुत्रे. वरून वळणे घेत आलेली पिवळी घसरगुंडी थेट त्याच्या अंगावर संपते.

सोबतच्या पोट्ट्याने टॉवेल आणलेला असतोच. तो विचारेल, “काऊन जी बाबा, पानी कोठी गेलं?”

“पानी क्वारंटाइन आहे बाबू.”

“किती दिवस?”

इथे विषय बदलावा.

पायरी ५ : खाणे

बाहेरचे खाद्यपदार्थ आत आणण्यास सक्त मनाई आहे. म्हणून सांबारवड्यांचा डबा टॉवेलात गुंडाळावा. टॉवेलाचा आज तेवढाच उपयोग. संत्र्यांवरून वाद झाला, तर ‘संत्रं पदार्थ नाही, फळ आहे’ असे ठामपणे सांगावे. काटोल-कळमेश्वर-सावनेर पट्ट्यात आंबिया बहार सुरू असताना संत्र्याला अडवणारा पहारेकरी मिळणे कठीण. त्याच्याही खिशात दोन असतात.

संत्रे सोलताना साल नाकाशी धरून चुरडा. झोंबरा वास आला तर मन निवांत होते. ही काही कोरोनाची तपासणी नव्हे, पण वर्षभर आमच्या घरात रोज सकाळी हाच विधी चालला होता.

पायरी ६ : पाळण्यात बसणे

एकाआड एक सीटवर लाल फुली असते. तिथे बसायचे नाही. फेरी संपली की एक पोरगा येऊन दांड्या पुसतो. मास्क नाकाखाली ओढू नका, वेगात तो कानामागे जातो आणि दुसऱ्याच्या मांडीवर पडतो.

मुख्य नियम : ओरडायचे नाही. ओरडण्याने थुंकी उडते. हा नियम जगभर फिरून आपल्यापर्यंत आला आहे. जपानच्या फुजी-क्यू हायलँड पार्कने २०२० मध्ये आपल्या दोन अधिकाऱ्यांना मास्क लावून रोलर कोस्टरमध्ये बसवले. ते आवाज न काढता खाली आले. पाहुण्यांना विनंती होती की किंचाळायचे तर मनातल्या मनात.

जपान्यांना हे शिकवावे लागले. आपला सराव आधीच झाला होता. एप्रिल २०२१ मध्ये बेडसाठी, ऑक्सिजनसाठी, इंजेक्शनसाठी नागपूरभर जे रांगेत उभे होते, ते सगळे मनातल्या मनातच ओरडत होते.

काही घरांतली सीट फुली मारण्याआधीच रिकामी झाली होती. त्या माणसांना पाळण्यात कसे बसावे हे शिकवू नका. फक्त काठाची जागा द्या.

ही मार्गदर्शिका किती दिवस चालेल?

फार दिवस नाही. १० जानेवारी २०२२ ला ओमायक्रॉनमुळे पार्क पुन्हा बंद झाले. फेब्रुवारीत निम्म्या क्षमतेने उघडले. २ एप्रिलला, गुढीपाडव्याला, राज्यातले सगळे निर्बंध उठले. तेव्हा ऊन तापायला लागलेच होते आणि हौदात पाणीही आले होते. त्यानंतरच्या वाचकांनी वरच्या सगळ्या पायऱ्या रद्द समजाव्यात. सांबारवड्यांची तेवढी ठेवावी.

टीप : नियम मोडला गेल्यास

दिवाळीनंतर आम्ही गेलो तेव्हा काकू सोबत होत्या. काकाजी गेल्यापासून त्या विचारलं तेवढंच बोलत. “मी खाली बसतो, तुम्ही जा,” म्हणाल्या, पण पोट्ट्यांनी ओढतच नेलं. फुलीच्या अलीकडे एकट्या बसल्या. पदर कमरेला खोचला, दांडी घट्ट धरली.

पाळणा वर गेला आणि काकू ओरडल्या. मास्कच्या आतून, मोठ्यांदा, थांबल्याच नाहीत. खाली रांगेतले लोक वर पाहू लागले.

पाळणेवाल्या पोराने एकदा पाटीकडे पाहिले, एकदा वर. थांबवायची वेळ झाली होती. त्याने खटक्यावरचा हात काढला आणि अजून एक फेरी दिली.