कोयनेचे आकडे पाटणच्या वर्गात आणा

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयना हादरली. ६.३ तीव्रतेचा तो भूकंप कोयना धरणाचा शिवाजीसागर जलाशय भरू लागल्यावर काही वर्षांतच झाला, आणि धरणाच्या पाण्याने भूकंपाला चालना मिळते याचं कोयना हे जगभर अभ्यासलं जाणारं उदाहरण ठरलं. भूकंप आतून समजावा म्हणून शास्त्रज्ञांनी तिथे तीन किलोमीटर खोल विवर खोदलं. बाराशेहून अधिक मीटर काळा कातळ ओलांडल्यावर ग्रॅनाइट लागला. शाळेत मात्र भूकंप म्हणजे पाठ करायची व्याख्या, चार गुणांची.

हे बदलायला संगणक कक्ष लागत नाही. एकाच धक्क्याच्या तीन भूकंपमापन केंद्रांवरच्या नोंदी कागदावर छापून द्या. रेष आधी बारीक थरथरते, ती प्राथमिक लहर. मग मोठी झेप घेते, ती दुय्यम. मधले सेकंद मोजा, आठाने गुणा. भूकंप किती किलोमीटरवर झाला ते साधारण कळतं. नकाशावर प्रत्येक केंद्राभोवती तेवढ्या त्रिज्येचं वर्तुळ काढा. कंपासपेटीतला कंपास पुरे. तिन्ही वर्तुळं जिथे एकमेकांना छेदतात, तिथे भूकंप. नववीच्या मुलांना हे नक्की जमेल. वर्तुळं नेमक्या एका ठिपक्यात मिळणार नाहीत, आणि ‘का?’ हे मुलंच विचारतील. खरं विज्ञान तिथून सुरू होतं.

नोंदी संकेतस्थळावर खुल्या असतीलही. पण हजारो ओळींची फाईल मराठी माध्यमातल्या शिक्षकाने कुठून उघडायची? हजारोंमधले कोणते तीन आलेख स्वच्छ, हे भूकंपशास्त्रज्ञाला कळतं. एका तासिकेत काय मावतं, हे शिक्षकाला. दोघांना एका टेबलाशी बसवणं हेच काम आहे, आणि ते कुणाच्याच कामाच्या यादीत नाही. अमेरिकेत ‘अर्थ एक्स्प्लोरेशन टूलबुक’ या धड्यांच्या संग्रहासाठी शास्त्रज्ञ, डेटा सांभाळणारे आणि शिक्षक यांना एकत्र बसवूनच धडे लिहून घेतले.

सातारा जिल्ह्याने शिक्षक प्रशिक्षणातले दोन दिवस याला द्यावेत आणि कोयनेवर काम करणाऱ्या शास्त्रज्ञांना बोलवावं. धरणाचा साठा पावसाळ्यात रोज पेपरात टीएमसीत (अब्ज घनफुटांत) छापून येतोच. महिनावार धक्क्यांची संख्या शास्त्रज्ञांनी द्यावी. दोन्ही एकाच आलेखकागदावर मांडून, पाणी चढल्यावर धक्के वाढतात का, हे कोयनेजवळच्या पाटणच्या पोरांना स्वतः तपासू द्या.