दाबा, धरा, सोडा

जावयाने सासऱ्याला काम सांगायची आपल्याकडे पद्धत नाही. सासऱ्याने जावयाला सांगायची तर त्याहून नाही. दोघं एकमेकांना 'राहू द्या, राहू द्या' म्हणत राहतात आणि काम तिसराच कुणीतरी उरकून टाकतो. मोटरसायकलचा हायड्रॉलिक क्लच मात्र हे सोयरसंबंध जाणत नाही. त्यातली हवा काढायला एक माणूस वर लिव्हरपाशी लागतो, एक खाली पाना घेऊन लागतो, आणि खालच्याने वरच्याला सरळ हुकूम सोडावे लागतात.

आमच्या जावयाची गाडी हायाबुसा. हायाबुसा म्हणजे जपानीत बहिरी ससाणा. 1999 साली सुझुकीने ती बाजारात आणली तेव्हा दुकानात विकत मिळणारी तिच्याएवढी वेगवान मोटरसायकल जगात नव्हती. ताशी 300 किलोमीटरचा आकडा तिने सहज ओलांडला. आपल्याकडे ती 2004 च्या 'धूम'मुळे घराघरात पोचली. जावयाने ती सेकंडहँड घेतली आणि तेव्हापासून हा ससाणा सिंहगड रोडवर विटांच्या टेम्पोमागे पहिल्या गिअरमध्ये चालतो. परवा परवा तो सिग्नललाही थांबेना. क्लच पूर्ण दाबला तरी गाडी पुढे सरकायची, न्यूट्रल सापडायचा नाही आणि लिव्हर मऊ लागायची.

"क्लच वायर बदला. किरकोळ काम आहे," मी म्हणालो. माझी हयात चेतकवर गेली. जास्तीची क्लच वायर डिकीत ठेवल्याशिवाय मी कधी घाट चढलो नाही.

"बाबा, हिला वायरच नसते," जावई अत्यंत अदबीने म्हणाला.

वायरीच्या जागी हिच्यात ऑइल असतं. लिव्हर दाबली की हँडलवरच्या मास्टर सिलिंडरचा दट्ट्या ऑइल ढकलतो. खाली इंजिनाच्या डाव्या अंगाला, पुढच्या स्प्रॉकेटच्या झाकणापाशी, स्लेव्ह सिलिंडर असतो. त्याचा दट्ट्या सळई पुढे लोटतो आणि क्लच प्लेटा सुटतात. बंद भांड्यातल्या द्रवावरचा दाब सगळीकडे सारखाच पोचतो, असं फ्रान्सच्या पास्कलने सांगून ठेवलं होतं. त्याचा तो ग्रंथ तो गेल्यावर, 1663 साली छापला गेला. द्रव दाबून लहान होत नाही, म्हणून सगळा कारभार चालतो. हवा मात्र दाबली की आकसते. एवढासा बुडबुडा नळीत शिरला की लिव्हरचा सगळा जोर तोच खातो. खालच्या दट्ट्यापर्यंत काही पोचत नाही.

शिवाय हे ऑइल, म्हणजे डॉट फोर जातीचं ब्रेक ऑइल, हवेतली ओल पितं. डॉट फोर ताजं असेल तर किमान 230 अंशांपर्यंत उकळता कामा नये. त्यात 3.7 टक्के पाणी मुरलं की हीच अट 155 वर येते. इंजिनाच्या कुशीत बसलेल्या सिलिंडरला हे परवडत नाही, म्हणून दर दोन वर्षांनी ते बदलायचं असतं. जावयाच्या गाडीतलं तर गडद तपकिरी झालं होतं. नवं फिकट पिवळं असतं.

रविवारी सकाळी पार्किंगमध्ये तयारी झाली. माशांच्या टाकीची पारदर्शक नळी, तळाशी थोडं ऑइल घातलेली सरबताची बाटली, आठ-नऊचा पाना, ऑइलची नवी सीलबंद बाटली. मग जावयाने बसायला पाट मागितला. जावयाला पाट मांडायचा तो जेवायला, त्याच्याभोवती रांगोळी घालून. आमच्याकडे तो चेनच्या काळ्या ग्रीसशेजारी मांडला गेला. आमच्या हिने पेट्रोलच्या टाकीवर घालायला टॉवेल दिला, तोही जावयाच्या मानाचा, नवा. हे ऑइल रंग खातं. सांडलं तर लगेच पाणी ओतायचं, पाण्यात ते विरघळतं. ती बादली भरून पहाऱ्याला उभी राहिली.

सोसायटीतली मंडळी जमलीच. कुणी विचारलं, "क्लचमध्ये ब्रेक ऑइल कसं काय?" कुणी इंजिन ऑइल सुचवलं, म्हणजे स्वस्तात पडेल. स्वस्तात रबरी सील फुगून बसतात. माग्युराचा क्लच असलेल्या काही युरोपीय गाड्यांना मात्र खनिज तेलच लागतं, त्यांच्यात ब्रेक ऑइल घातलं की त्यांचे सील जातात. काय घालायचं ते झाकणावरच कोरलेलं असतं. सल्ला देणारे झाकण वाचत नाहीत.

प्रत्यक्ष काम सोपं. वरच्याने लिव्हर हळू दाबून धरायची. खालच्याने स्लेव्ह सिलिंडरवरचं, नळी चढवलेलं निपल पाव आटा सैल करायचं. नळीतून ऑइल आणि बुडबुडे बाहेर येतात. निपल घट्ट करायचं आणि मगच वरच्याने लिव्हर सोडायची. क्रम चुकून लिव्हर आधी सुटली तर जेवढी हवा बाहेर काढली तेवढीच उलटी आत ओढली जाते.

जावयाने निपल सैल करत सुरुवात केली, "बाबा, म्हणजे, तुम्हाला त्रास होणार नसेल तर आता जरा दाबून..."

मी दाबली.

"...हो, आणि, सॉरी हं बाबा, मी सांगितल्याशिवाय कृपया सोडता येईल... म्हणजे सोडू नका..."

'सोडता येईल' ऐकल्याबरोबर मी सोडली. मंगलाष्टकात 'सावधान'च्या आधीच अक्षता टाकून मोकळी होणारी मंडळी असतात, तसंच झालं. नळीतला बुडबुडा माघारी वळला आणि इंजिनाकडे चालू लागला.

"चालेल, चालेल, पुन्हा करू," जावई म्हणाला. चालत तर काहीच नव्हतं. त्याचं प्रत्येक वाक्य आदराने लांबायचं, आणि त्या लांबीत हवेला आत शिरायला ऐसपैस जागा मिळायची. माणसाने सासऱ्याचा मान राखावा, पण पाना हातात असताना राखू नये.

शेवटी बादलीशी उभी असलेली ही म्हणाली, "आकडे म्हणा. आकड्यांना अहोजाहो लागत नाही. एक म्हटलं की दाबून धरा, दोन म्हटलं की सोडा."

"एक." "दोन." "एक." "दोन." जावयाचा आवाज हळूहळू चढत गेला. पुढे पुढे तो मला कवायत मास्तरसारखा हाकत होता आणि नळीत स्वच्छ पिवळी धार उतरत होती. मधूनच "बाबा, टाकी!" एवढंच ओरडायचा, म्हणजे वरच्या टाकीतली पातळी बघा. ती रिकामी पडली की वरूनच हवा शिरते आणि पहिल्यापासून सगळं करावं लागतं. त्या आवाजात जावईपणाचा लवलेश नव्हता. मला बरं वाटलं.

उरलेल्या बारीक बुडबुड्यांना खाली यायचंच नसतं. हवेचा धर्म वर जाण्याचा. त्यांच्यासाठी हँडल वळवून मास्टर सिलिंडर उंचावर आणायचा आणि लिव्हर जेमतेम हलवत राहायची. मग ते एकेक करून टाकीत वर येतात. तेवढ्यावर भागलं नाही तर लिव्हर रात्रभर हँडलला बांधून ठेवायची, हा गॅरेजवाल्यांचा जुना उपाय. आम्ही हिच्या केसांच्या रबराने बांधली. सकाळी लिव्हर टणक लागली आणि न्यूट्रल पहिल्या झटक्यात पडला.

आता प्रश्न हिशेबाचा आहे. जावयाला वाण अधिक मासात द्यायचं, आणि तो येतो साधारण साडेबत्तीस महिन्यांनी. ऑइल बदलायचं 24 महिन्यांनी. हिने पंचांग आणि गाडीचं पुस्तक शेजारी शेजारी उघडून बरीच आकडेमोड केली आणि निकाल दिला: अनारसे अधिक मासात मिळतील, डॉट फोरची बाटली दिवाळसणाला. पुढच्या चाकाला दोन डिस्क आहेत आणि त्यांचीही हवा काढायची असते, हे जावयाने अजून तिला सांगितलेलं नाही. मला सांगितलंय, एका शब्दात.

"रविवारी!"